जुन्या मालमोटारीचा गंजलेला तळ

मोटारीची पारख करतांना मनुष्याची नजर प्रथम तिच्या रंगाकडे जाते, नंतर कान इंजिनाच्या आवाजाकडे लागतात. तळाकडे मात्र लक्ष बहुधा जातच नाहीं. बसणाराच्या पायांखालीं रबराची चटई असते, चटईखालीं तागाची गादी असते, आणि या दोहोंच्याही खालीं पत्रा आहे असें सर्वांनीं गृहीत धरलेलें असतें. जुन्या मालमोटारीच्या बाबतींत हें गृहीत पुष्कळदां खोटें ठरतें. एखादे दिवशीं मालक चटई उचलतो, आणि पत्र्याच्या जागीं तांबूस पापुद्र्यांची चाळण त्याच्या दृष्टीस पडते. तिच्यांतून खालचा रस्ता दिसत असतो. अशा तळाची दुरुस्ती हा वरवर पाहतां केवळ कारागिराचा विषय वाटेल. परंतु ज्या घराला लोखंडी फाटक आहे, गच्चीला कठडा आहे, किंवा न्हाणीघरांत पत्र्याचें पिंप आहे, त्या घरांत हाच प्रश्न लहान प्रमाणांत दर पावसाळ्यानंतर उभा राहत असतो.

उदाहरणादाखल अमेरिकेंतील शेव्हरोलेट ३१०० ही अर्ध्या टनाची मालमोटार घेतां येईल. ही घडण १९४७ च्या उन्हाळ्यांत बाजारांत आली आणि १९५५ च्या आरंभापर्यंत चालू राहिली. महायुद्धानंतर शेतकरी, दुकानदार व लहान कारखानदार यांना साध्या आणि टिकाऊ वाहनाची निकड होती. ती या मोटारीनें भागविली. आज अमेरिकेंत हौशी लोक तिला घरच्या माणसाप्रमाणें जपतात. मुंबईलाही शेव्हरोलेट हें नांव परकें नाहीं. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ मध्यें शिवडी येथें जुळणीचा कारखाना काढला होता, आणि पुढें कित्येक वर्षें शेव्हरोलेटच्या मोटारी व मालमोटारी तेथून जुळवून बाहेर पडत असत.

या मोटारीच्या केबिनचा तळ म्हणजे एक अखंड पत्रा नव्हे. क्लच व ब्रेक यांचीं पेडलें तळांतून वर येतात, आणि इंजिन सुरू करण्याचा दट्ट्याही पायाखालींच असतो. ब्रेकच्या तेलाचें मुख्य नळकांडें चालकाच्या पायांखालीं बसविलेलें आहे; त्यांत तेल ओतण्यासाठीं तळाला झांकण ठेवलेलें आहे. शेजारीं बसणाराच्या पायांखालीं बॅटरी आहे, तिच्यासाठीं दुसरें झांकण. गिअरच्या पेटीवरचा भाग तर सबंधच बोल्ट काढून उचलतां येतो. दुरुस्ती करणाराची सोय या रचनेंत उत्तम साधली आहे. पण जितकीं झांकणें तितक्या कडा, आणि जितक्या कडा तितक्या पाणी शिरण्याच्या वाटा. कडांवरील रबर कालांतरानें वाळतें व तडकतें. बॅटरींतील गंधकाम्ल सांडलें तर तें पत्र्यास खातें. ब्रेकचें तेल सांडलें तर तें रंग मऊ करून सोलून काढतें, आणि उघडा पडलेला पत्रा ओलाव्याच्या स्वाधीन होतो.

वरूनही पाणी येतच असतें. पुढील कांचेभोंवतींचें रबर, दारांच्या कडांचें रबर आणि कांचेपुढील हवेची झडप या तीन वाटांनीं तें केबिनमध्यें उतरतें व सरळ तागाच्या गादींत जाऊन बसतें. वरची रबराची चटई त्याला वाळूं देत नाहीं. ताग पाणी धरून ठेवतो, रबर तें झांकून ठेवतें, आणि मालकाला चटईचा कोरडा पृष्ठभाग तेवढा दिसतो. अमेरिकेच्या उत्तर भागांत यांत आणखी एका शत्रूची भर पडते. हिंवाळ्यांत रस्त्यांवरील बर्फ वितळावें म्हणून तेथें मीठ टाकतात; तें खारट पाणी चाकांबरोबर तळाच्या खालून उडतें आणि बुटांबरोबर वरून आंत येतें. कोंकणपट्टींत हेंच काम समुद्रावरचा खारा वारा संथपणें करीत असतो.

लोखंड हवेनें गंजतें असें सामान्यतः म्हणतात. तें अर्धेंच खरें आहे. कोरड्या हवेंत लोखंड जवळजवळ गंजत नाहीं, आणि ज्यांतून प्राणवायु काढून टाकला आहे अशा शुद्ध पाण्यांतही तें पुष्कळ टिकतें. गंज चढण्यास पाणी व प्राणवायु हीं दोन्ही एकत्र यावीं लागतात. तीं आलीं म्हणजे ओल्या पत्र्यावर जणूं असंख्य सूक्ष्म बॅटऱ्या सुरू होतात. एका जागीं लोखंडाचे अणु आपले विद्युत्कण मागें ठेवून पाण्यांत उतरतात; दुसऱ्या जागीं ते विद्युत्कण पाणी व प्राणवायु यांच्याशीं मिळतात; आणि या दोन क्रियांच्या मिलाफांतून शेवटीं तो तांबूस पदार्थ जन्मास येतो. पाण्यांत मीठ असलें कीं वीज त्यांतून सुलभपणें वाहते, म्हणून सारा व्यापार अधिक वेगानें चालतो.

यांतील सर्वांत फसवी गोष्ट अशी कीं, जेथें प्राणवायु मुबलक पोंचतो तेथें लोखंड तितकें झिजत नाहीं. जेथें तो कमी पोंचतो तेथेंच तें अधिक झिजतें. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून सांधलेल्या जागेंतील फट, चिखलाच्या थराखालची बाजू, चटईखालचा ओला कोंपरा, हीं त्याचीं आवडतीं ठिकाणें होत. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. सांध्याच्या फटींत तो वाढूं लागला म्हणजे पाचरीसारखा दोन्ही पत्र्यांना दूर लोटतो, फट रुंदावते, आणि आणखी पाणी आंत येतें. यामुळें वरून रंगाचा एवढासा फोड दिसत असतांना खालीं वीतभर पत्रा नाहींसा झालेला असतो. गंजाचा डाग जेथें दिसतो तेथें त्याचा शेवट नसतो, ती त्याची नुसती वर्दी असते.

म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी सांधण्याची नव्हे, शोधण्याची आहे. बैठक, चटई, गादी आणि सर्व झांकणें काढून तळ वरून व खालून पूर्ण उघडा करतात. मग लहान हातोड्यानें तो बोट बोट अंतरावर वाजवून पाहतात. निकोप पत्र्याचा आवाज खणखणीत येतो; खाल्लेल्या पत्र्याचा बद्द येतो. जेथें शंका असेल तेथें अणकुचीदार टोचा दाबून पाहावा. जो पत्रा टोच्यापुढें नमतो, तो माणसाच्या टांचेपुढें कधींतरी नमणारच. तारेचा ब्रश फिरवून रंग व पापुद्रे काढले म्हणजे खऱ्या नुकसानीची सीमा दिसूं लागते, आणि मालकाची बहुधा निराशा होते. कारण तळहाताएवढें वाटलेलें भोंक परातीएवढें निघतें. ही निराशा टाळण्याजोगी नाहीं. वेल्डिंगचा टांका निकोप धातूलाच धरतो; सडक्या कडेला घातलेला टांका एक तर पत्रा जाळून जातो, नाहीं तर थोड्याच दिवसांत कडेसह निखळतो.

याच वेळीं पाण्याची वाट शोधून काढणें अगत्याचें असतें. एकानें बाहेरून कांचेवर व दारांवर नळीनें पाणी सोडावें आणि दुसऱ्यानें आंत दिवा घेऊन पाहत बसावें, इतकी साधी ही परीक्षा आहे. कांचेचें रबर बदलल्यावांचून तळ बदलणें म्हणजे छपराची गळती तशीच ठेवून जमीन सारवणें होय.

शोध संपला कीं सुरक्षिततेचा विचार येतो, आणि या विशिष्ट मोटारीच्या बाबतींत तो जिवाशीं निगडित आहे. १९४९ पासून या घडणींत पेट्रोलची टाकी केबिनच्या आंत, बैठकीच्या पाठीमागें उभी बसविलेली असे. ज्या तळावर विजेच्या कमानीच्या ठिणग्या उडावयाच्या, त्यापासून ती हातभरसुद्धां दूर नसते. टाकी रिकामी केली म्हणजे भय टळलें असें कित्येकांस वाटतें. वस्तुतः रिकामी टाकी अधिक भयंकर असते. पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण पेटतें; शंभर भागांत सुमारें दीड ते साडेसात भाग वाफ असली म्हणजे तें स्फोटाला पुरेसें होतें, आणि रिकाम्या टाकींत उरलेल्या थेंबांतून असें मिश्रण सहज तयार होतें. ही वाफ हवेहून जड असल्यामुळें ती वर न जातां नेमकी तळाशीं सांचते. म्हणून टाकी व तिच्या नळ्या काढून कामाच्या जागेपासून दूर, उघड्यावर नेऊन ठेवणें हाच एक मार्ग. बॅटरींतून जलज वायु निघतो, तोही पेटणारा आहे. तेव्हां बॅटरीही काढावी. तागाचे तुकडे, तेलाचे बोळे व जुनी डांबरी लिंपण खरवडून काढावी, आणि काम संपल्यावरही अर्धा-पाऊण तास जागेवर लक्ष ठेवावें. धुमसणारा ताग पुष्कळदां कारागीर घरीं गेल्यावर पेट घेतो. त्या काळच्या रंगांत शिसें असण्याचा संभव मोठा, म्हणून ते कोरडे घांसून धूळ उडवूं नये व तोंडावर योग्य मुखवटा ठेवावा. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा धूर श्वासावाटे गेल्यास थंडी वाजून ताप येतो, हेंही विसरूं नये.

आतां करवत किंवा छन्नी हातीं घ्यावयाची. पण तत्पूर्वीं आणखी एक गोष्ट राहते. तळ हा केबिनचा पाया आहे. दारांच्या चौकटी त्याच्या आधारानें उभ्या असतात. दोन्ही बाजूंचा सडका पत्रा एकदम कापून काढला तर केबिन किंचित् पसरते किंवा मुरडते. डोळ्यांना तें जाणवत नाहीं, परंतु नवा पत्रा सांधून झाल्यावर दार लागेनासें होतें, आणि मग तो वांकडेपणा कायमचा होऊन बसतो. यावर उपाय असा कीं, कापण्यापूर्वीं दारांच्या चौकटींत लोखंडी नळ्या आडव्या व तिरप्या लावून त्यांचे टांके तात्पुरते मारावेत, दारांच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात, आणि एका वेळीं एकच बाजू कापावी. ती सांधून पुरी झाली, मापें पुनः ताडून पाहिलीं, कीं मग दुसऱ्या बाजूस हात घालावा.

कापतांना सडक्या भागाच्या पलीकडे दोन-तीन बोटें निकोप पत्र्यांत जावें लागतें. कोंपरे काटकोनी न ठेवतां गोलाकार ठेवावेत, कारण टोंकदार कोंपऱ्यांत ताण एकवटतो व तेथून चीर जाण्याचा संभव असतो. मूळ पत्रे जेथें ठिपक्याठिपक्यांनीं सांधलेले असतील, तेथें तेवढेच ठिपके गिरमिटानें पोंखरून खालची पट्टी शाबूत ठेवतां येते. तळाखालीं त्याला तोलणाऱ्या पन्हळीच्या आकाराच्या पट्ट्या असतात. त्या तपासल्यावांचून वरचा पत्रा घालणें व्यर्थ होय, कारण गंज त्यांच्या पोटांतही शिरलेला असतो.

नव्या तुकड्यासाठीं आधीं पुठ्ठ्याचा नमुना कापून तो जागेवर बसवून पाहतात, आणि मग त्यावरून पत्रा कापतात. हा पत्रा अठरा गेजचा, म्हणजे सुमारें १.२ मिलिमीटर जाडीचा घेण्याचा प्रघात आहे. अमेरिकेंत या मोटारींचे तयार तळपत्रेही विकत मिळतात. तरी तेसुद्धां कडेला तासून व ठोकून बसवावे लागतातच. येथें एक चूक वारंवार होते. मूळ तळावर उंचसखल नाळी दाबून काढलेल्या असतात. त्या शोभेसाठीं आहेत असें समजून कारागीर सपाट तुकडा घालतो. छपराचा पन्हळी पत्रा सपाट पत्र्यापेक्षां किती अधिक भार सहन करतो, हें प्रत्येकाच्या पाहण्यांतलें आहे. तोच नियम येथेंही लागू आहे. सपाट तुकडा पायाखालीं डफासारखा वाजतो, लवतो, आणि त्या लवण्यानें कडेचे टांके हळूहळू उकलतात. म्हणून नाळी ठोकून काढणें हें कामाचेंच अंग होय.

सांधण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतींत नवा तुकडा जुन्या पत्र्यावर थोडा चढवून सांधतात. दुसरींत दोहोंच्या कडा समोरासमोर भिडवून सांधतात. पहिली सोपी आहे, परंतु दोन पत्र्यांमधील फट म्हणजे गंजाला दिलेलें आमंत्रणच. ती रीत पत्करावयाची तर ती फट दोन्ही बाजूंनीं लेपानें बुजविणें भाग आहे. दुसरी रीत कष्टाची आहे, कारण तींत तुकडा सर्व बाजूंनीं जवळजवळ एक मिलिमीटरच्या आंत जुळावा लागतो. पण तींत पाण्याला लपावयास जागा उरत नाहीं. जेथें हात व अवजार पोंचेल तेथें दुसरीच अधिक चांगली.

वेल्डिंगसाठीं आज जी रीत बहुधा वापरतात, तींत बारीक तार यंत्रांतून आपोआप पुढें येते, तिच्या टोंकाशीं विजेची कमान पेटते, आणि वितळलेल्या धातूला हवा लागूं नये म्हणून भोंवतीं आर्गॉन व कार्बन डायॉक्साइड यांच्या मिश्रणाचा झोत सोडलेला असतो. या रीतीचा उगम अमेरिकेंत १९४८ मध्यें, म्हणजे ही मोटार नवी असतांनाच झाला. पातळ पत्र्यासाठीं ती सोयीची होण्यास आणखी कांहीं वर्षें जावीं लागलीं. तीपूर्वीं ॲसिटिलीनच्या ज्योतीनें सांधीत. ती उष्णता दूरवर पसरवी व पत्रा अधिक मुरडे. उष्णतेचा हा प्रश्न आजही आहेच. लोखंडाची हातभर लांबीची पट्टी घेतली, समजा ३० सेंटिमीटर, आणि ती ५०० अंशांनीं तापविली, तर ती जवळजवळ १.८ मिलिमीटर वाढूं पाहते. भोंवतालचा थंड पत्रा तिला वाढूं देत नाहीं. म्हणून ती फुगते, आणि निवतांना आकसून सर्व तळ ओढून घेते. यास्तव सबंध कड एका दमांत कधींच सांधीत नाहींत. शिंपी जसा कापड जुळविण्यासाठीं आधीं कच्चे दोरे घालतो, तसे चारी बाजूंना दूरदूर ठिपके द्यावयाचे. मग त्यांच्या मध्यें, एकदां या कडेला तर एकदां समोरच्या कडेला, ठिपक्यांची भर घालीत जावयाचें. दर वेळीं धातु हात लावतां येईल इतका निवेपर्यंत थांबावें लागतें. तळाच्या कामांत उतावळेपणाची किंमत अशी तत्काळ डोळ्यांना दिसते.

सांधा घांसून साफ झाला म्हणजे नवा पत्रा बसला. परंतु गंज परत येऊं नये याची तजवीज व्हावयाची राहते. जेथें गंजाचे खोल ठिपके उरले असतील तेथें फॉस्फोरिक आम्लाचा द्रव लावतात. तो गंजाशीं संयोग पावून लोखंडाच्या फॉस्फेटचा एक टिकाऊ थर देतो. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षें उघड्यावर उभा आहे, त्याच्या टिकाऊपणाचें श्रेयही त्या लोखंडांतील अधिक फॉस्फरसामुळें बनलेल्या अशाच जातीच्या थराला संशोधक देतात. मोटारीच्या पत्र्यांत तो गुण अंगभूत नसतो, म्हणून तो बाहेरून आणावा लागतो. त्यानंतर वर व खालीं दोन्हीकडे इपॉक्सी जातीचा अस्तराचा रंग, प्रत्येक सांध्यावर लवचिक लेप, मग वरचा रंग, आणि पट्ट्यांच्या पोकळींत आंतून फवारलेलें मेण, असा क्रम आहे. पाणी निघून जाण्यासाठीं मूळ कारखान्यानें ठेवलेलीं भोंकें मात्र बुजवूं नयेत. आलेलें पाणी बाहेर गेलें तर पत्रा वांचतो. आंत कोंडलें तर सर्वांत महाग रंगही निरुपयोगी ठरतो.

एवढा खटाटोप पाहून कोणी विचारील कीं, भोंकावर डांबर थापून वर एक पत्रा रिवेटानें ठोकला तर काय बिघडलें? तसें करणारे पुष्कळ आहेत, आणि विकावयाच्या मोटारीच्या बाबतींत तर तसें आवर्जून करतात. बाह्यतः तो तळ नवा दिसतो. परंतु डांबराखालीं ओल कोंडली जाते, आणि जो गंज पूर्वीं उघड्यावर सावकाश खात होता तो आतां अंधारांत निर्वेध खातो. शिवाय बैठक या तळालाच बोल्टांनीं जखडलेली असते. १९४७ च्या मोटारींत सुरक्षेचे पट्टे नव्हते. आजचे मालक ते मागाहून बसवितात, आणि त्यांचे खिळे बहुधा या तळांतच रोवतात. धडकेच्या क्षणीं मनुष्याचा सगळा झोंक त्या खिळ्यांवर येतो. ते निकोप पत्र्यांत, खालीं जाड चकती घालून बसविलेले असतील तर पट्टा माणसाला धरून ठेवील. डांबर फांसलेल्या पापुद्र्यांत असतील तर पट्टा आणि बैठक हीं माणसाबरोबरच पुढें जातील. उघडें भोंक निदान पाहणाराला सावध करतें. झांकलेलें भोंक त्याला निर्धास्त करतें, आणि म्हणूनच तें अधिक घातक होय.

काम पुरें झाल्यावर जाणते मालक एक लहानसा नियम पाळतात. तागाची गादी ते पुनः घालीत नाहींत. तिच्या जागीं पाणी न शोषणारी गादी घालतात, आणि तीही तळाला न चिकटवितां नुसती पसरतात. वर्षांतून एकदां, पावसाळा किंवा हिंवाळा सरला म्हणजे, चटई उचलावयाची, झांकणें काढावयाचीं, भोंकांतून काडी फिरवून तीं मोकळीं आहेत असें पाहावयाचें, आणि लहान हातोड्यानें तळ पुनः एकवार वाजवावयाचा. या सर्वाला अर्धा तासही लागत नाहीं. मोटारीचा तळ असो कीं गच्चीचा कठडा असो, लोखंडाची राखण करणारानें त्याची झांकलेली बाजू अधूनमधून उजेडांत आणून पाहिली पाहिजे. त्या अर्ध्या तासाची बचत पुढें परातीएवढें भोंक होऊन समोर येते.